करकोचे बघायला कोण जाणार

शिकागोतल्या त्या पाचजणी दर शनिवारी तळ्याकाठी फिरायला जात आणि मग कुणातरी एकीच्या घरी कॉफी पीत बसत. फेब्रुवारीत बेव्हर्लीने टूम काढली की यंदा नेब्रास्काला जायचं. मार्चमध्ये प्लॅट नदीत करकोचे थव्यांनी उतरतात, ते बघायचे.

"लिओना, तू तर तिकडचीच! मग सगळं तूच ठरव," बेव्हर्ली म्हणाली. "आम्ही आपल्या बॅगा उचलून तुझ्या मागे येतो."

"तुझं कुणी आहे का गं तिथं अजून?" दुसरीने विचारलं.

"नाही. आता कुणी नाही," लिओना बोलून गेली.

लिओना कुड्रना दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम करायची. गोड बोलायची तिला सवय होती, खोटं बोलायची नव्हती. तिचा थोरला भाऊ गॅलन त्याच नदीकाठी मका पिकवत होता. जिथे ती खोल्या घेणार होती, त्या मोटेलपासून त्याचं घर गाडीने जेमतेम वीस मिनिटांवर.

तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे राहायला गेली होती, तेव्हा तिच्या वहिनीला, डार्लीनला, विसरायला होऊ लागलं होतं. डार्लीनने तिचा हात धरला तो सोडेचना. "आई, मला इथं ठेवून जाऊ नकोस," म्हणत लहान मुलीसारखी रडत राहिली. लिओनाला ते सोसवलं नाही. दवाखान्यातून बोलावणं आलंय असं सांगून ती ठरल्याआधीच निघाली. त्यानंतर नाताळला एक फोन, वाढदिवसाला एक कार्ड. बस.

जेवणाच्या सुट्टीत तिने मोटेलला फोन लावला.

"नाव काय म्हणालात? कुड्रना?" पलीकडची बाई एकदम खुलली. "अगंबाई! गॅलनची बहीण ना तू? मी मर्लिस, शाळेत तुझ्या मागच्या वर्गात होते! मग तुला खोली कशाला हवी गं?"

"मैत्रिणी आहेत सोबत," लिओना कशीबशी म्हणाली.

आता हे गावभर होणार हे तिला ठाऊक होतं. रविवारी गॅलनचा फोन आलाच.

"लिओ, तुझी गंमत फुटली बरं का," तो हसत म्हणाला. "मला न सांगता दारात उभी राहणार होतीस ना? मर्लिसच्या पोटात काही राहत नाही."

त्याने वाट मोकळी करून दिली होती. "हो ना, सगळा विचका केला तिनं," लिओना म्हणाली आणि आपल्याच आवाजाची तिला शिसारी आली.

"मैत्रिणींना खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, चालतात का? हल्ली मीच करतो. पहिल्या खेपेचे कुत्र्यानेही हुंगून सोडले, पण आता जमतात."

पुढच्या शनिवारी तिने बेव्हर्लीला खरं काय ते सांगितलं.

"सख्खा भाऊ? आणि तू म्हणालीस कुणी नाही?" बेव्हर्लीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तू त्याच्याकडेच उतर. आमची काळजी करू नकोस. सगळा सपाट मुलूख, चुकायचं म्हटलं तरी चुकणार कुठे?"

मार्चमध्ये ती पोचली त्या संध्याकाळी गॅलन अंगणात आला, तेव्हा त्याचा कोट त्याला ढगळ होत होता. आत डार्लीन खिडकीशी बसली होती. तिने लिओनाकडे सौम्यपणे पाहिलं. "तुम्ही कुणाकडे आलात?" आता ती हातही धरत नव्हती. लिओनाला वाटलं, त्यापेक्षा तिने धरून ठेवलेलं परवडलं असतं.

गॅलन बटाटे सोलत होता. लिओना त्याच्या शेजारी बसली.

"गॅलन, ती गंमत वगैरे काही नव्हती रे. मी तुला सांगणारच नव्हते."

"ठाऊक आहे मला." त्याने मान वर केली नाही. "उगाच कशाला तुझी पंचाईत करायची, म्हणून तसं म्हटलं. ते जाऊ दे. उद्या सकाळी हिच्यापाशी बसशील? तुझ्या मैत्रिणींना मी नदीवर नेतो. हिला एकटं सोडता येत नाही ना, तर दारातली नदी, पण करकोचे बघून वर्षं झाली."

उजाडायच्या आत तो निघाला. लिओनाने डार्लीनला ओट्सची पेज भरवली. ती भिंतीवर थुंकली, मग घाबरून रडली, मग झोपली. छपरावरून थवे कर्कश ओरडत जात होते. ते बघायला लिओना काही उठली नाही.

गॅलन परतला तो उशिरा. बायकांनी त्याला गावातल्या हॉटेलात नाश्त्याला बसवून घेतलं होतं. "ती बेव्हर्ली काय बडबडते गं! हसून हसून पोट दुखलं माझं," असं म्हणत तो आरामखुर्चीत टेकला आणि बूट न काढताच झोपी गेला.

लिओना त्याच्याकडे बघत राहिली. एका सकाळची सोबत, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंही तिने तीन वर्षं दिलं नव्हतं. आत जाऊन तिने दवाखान्यात फोन केला आणि रजा वाढवून मागितली. मैत्रिणी सोमवारी तिच्याविना परतल्या. तिच्या मनावरचं ओझं काही उतरलं नव्हतं, पण डार्लीनच्या गोळ्या कुठे असतात हे आता तिला ठाऊक होतं.