भागीची उलटी अक्षरं

कल्याणच्या आमच्या मुलींच्या शाळेत या पंधरवड्यात जे घडलं, त्याच्या गावभर नाना कहाण्या फिरताहेत. म्हटलं, जिच्या हातून घडलं तिनंच सांगावं… म्हणजे मीच.

मी इथली नवी बाई. नवरा गेल्यावर पुण्याला ट्रेनिंग केलं आणि आगगाडीनं इथे येऊन रुजू झाले. शाळा म्हणजे भाड्याची एक खोली नि पुढे पडवी. खोलीत ब्राह्मण-प्रभूंच्या मुली, त्यांच्यापासून हातभर सरकून आगऱ्यांची ठकी, हलीमा आणि तेलाचा घाणा चालवणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांची रिबका. एवढं गावानं कुरकुरत का होईना पचवलं होतं.

पडवीत बसायची भागी. बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला, घर महारवाड्यात. सरकारी पैशावरच्या शाळेला नाही म्हणता येत नाही, म्हणून आधीच्या मास्तरांनी तिचं नाव पटावर घेतलं. गावाला नाराज करता येत नाही, म्हणून तिला खिडकीबाहेर बसवलं. शाळा सगळ्यांना उघडी, असं म्हणतात… उघडी होती ती फक्त खिडकी.

दुसऱ्याच दिवशी मी मुलींना 'गवत' लिहायला सांगितलं आणि पाट्या बघत बघत पडवीत गेले. भागीची पाटी लांबूनच बघायची, अशी इथली रीत. मी जवळ जाऊन वाकले.

अक्षर काय सुरेख होतं! रेघेला रेघ… पण अख्खा शब्द डोक्यावर उभा. ग, व, त, सगळे उलटे.

"अगं, असं का काढलंस?"

"समद्या पोरींच्या पाट्यांवर असंच हाय की, बाई."

मी तिच्या शेजारी बसून आत पाहिलं, तेव्हा कुठे उमगलं. फळा खिडकीच्याच भिंतीला आतून टांगलेला, तो तिला दिसतच नाही. दिसतात त्या फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलींच्या पाट्या… तिच्या बाजूनं उलट्या. पोरीनं जे दिसलं ते चोख उतरवलं होतं. आणि कुणी जवळ जाऊन बघितलंच नव्हतं!

मला इतका संताप आला की विचार करायला थांबलेच नाही. तिला हाताला धरून आत आणलं. रिबकानं न सांगता सरकून जागा केली. मी भागीच्या मागे बसले, तिची मूठ माझ्या मुठीत धरली आणि सुलटा 'ग' गिरवून घेतला. पहिल्यांदा तिचा हात लाकडासारखा ताठ होता. हळूहळू सैल झाला…

दुपारीच आप्पासाहेब दारात. शाळेच्या कमिटीतले वजनदार गृहस्थ, त्यांची अंबू माझ्याच वर्गात.

"बाई, शिकवा हो तिला, आमची ना नाही. पण शिवू नका."

"सकाळी तुमच्या अंबूचाही हात धरला मी. तिचा 'ळ' वाकडा येत होता."

"ते वेगळं."

"अक्षर हात धरूनच वळतं, आप्पासाहेब. दुसरा उपाय असला तर ट्रेनिंगमध्ये तो आम्हांला कुणी शिकवला नाही."

त्यांचा आवाज चढला. "कमिटी वर रिपोर्ट करील. नोकरी गेली, तर तुमच्यासारखीला कोण विचारणार?"

तुमच्यासारखी, म्हणजे विधवा. शुभकार्यात जिचं तोंड चालत नाही, तिच्या हाती मुलींचा हात मात्र चालतो! मी म्हटलं, "जरूर करा रिपोर्ट. भागी आतच बसेल."

दुसऱ्या दिवशी सतरंजी ओस पडली. ठकी, हलीमा, रिबका आणि भागी, एवढ्याच आल्या. मुली घटल्या तर शाळाच बंद करतील, हे मला कळत होतं. भीती वाटत होती… पण त्या चौघींना मी असं शिकवलं, जसं काही वर्ग भरगच्च आहे.

शनिवारी रिबका नव्हती, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार. तिघींना घेऊन बसले होते, आणि भर दुपारी दारात अंबूची आई उभी! पदर डोक्यावर, हातात अंबूचं मनगट. ही बाई परक्यासमोर कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

"हिला बसवून घ्या, बाई."

"आप्पासाहेबांना…"

"घरात बोलणं झालंय. मी म्हटलं, घरी आल्यावर आंघोळ घालीन पोरीला. शिवल्याला पाणी तरी आहे… मी जन्मभर अडाणी राहिले, त्याला काय आहे?"

आंघोळीचं मला बोचलं, खोटं कशाला सांगू. भागीनंही ते ऐकलं आणि मान खाली घातली. म्हणून मी स्पष्टच म्हटलं, "वहिनी, अंबूची जागा भागीच्या शेजारी आहे. चालेल?"

त्या घुटमळल्या… अंबूनं तेवढ्यात मनगट सोडवून घेतलं आणि जाऊन बसलीसुद्धा. आई मात्र गेली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती शाळा सुटेपर्यंत फळ्याकडे बघत होती.

त्यानंतर बऱ्याच मुली परत आल्या. काही नाही आल्या. रिपोर्ट वर गेला आहे, उत्तर यायचं आहे. काय येईल ते येवो.

त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांना एवढंच सांगणं… आंघोळीला माझी ना नाही. कल्याणात तळी पुष्कळ आहेत, विहिरीही आहेत. खुशाल रोज करा. मी रोज हात धरणार.