पुट्टीखालचं K

रोहेकरबाईंनी सतरा वर्षं शिकवलेला धडा माझ्या बाबांनी एका दुपारी पुट्टी फासून बुजवला.

आणि त्यांना ते करायला लावलं कोणी? मीच.

बाईंना जाऊन आज वर्ष झालं. फोटो टाकून दोन ओळी लिहायच्या, एवढंच ठरवलं होतं. पण सकाळी जे बघितलं, त्यानंतर दोन ओळींत भागणार नाही.

आमची बिल्डिंग नवीन पनवेलमधली, जुनी, तीन मजल्यांची. तळमजल्यावर बाई, दुसऱ्यावर आम्ही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, तेव्हाही आणि आजही, कारण दुसरं कोणी तयारच होत नाही.

बाई गणिताच्या. शाळेतून रिटायर झाल्या, तरी बिल्डिंगमधल्या पोरांची सुटका झाली नाही. सगळे त्यांच्या हॉलमध्ये ओरडा खात शिकलो.

मी सहावीत होते. रेषा आणि रेषाखंड यात फरक काय, काही केल्या डोक्यात शिरेना.

बाईंनी वही मिटली आणि मला जिन्याखालच्या खांबापाशी नेलं. खांबावर केसाएवढा तडा होता.

"हा सुरू कुठे होतो? बोट ठेव."

ठेवलं.

"संपतो कुठे?"

तिथेही ठेवलं. बाईंनी दोन्हीकडे पेन्सिलीने बारीक खूण केली. A आणि B. बाजूला तारीख.

"रेषेला टोक नसतं, ती दोन्हीकडे जातच राहते. याला दोन टोकं आहेत, म्हणून हा रेषाखंड. रेख AB."

"पण बाई, हा वाकडा आहे."

"एवढ्याशा तुकड्यात कितीसा वाकडा असणार? पट्टी लाव आणि मोज."

दोन महिन्यांनी तडा B च्या पुढे गेलेला. बाईंनी C लिहिलं.

"रेख AB अधिक रेख BC?"

"रेख AC!" उत्तर बरोबर आलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही वाजवल्या.

"बाई, हे असंच पुढे जात राहिलं तर?"

"मग त्याला रेषाखंड नाही म्हणत. किरण म्हणतात. एक टोक धरून नुसता सुटलेला." मग हळूच म्हणाल्या, "बाबांना सांग हं."

सांगितलं. बाबा हसले. "प्लास्टरचा तडा आहे गं तो. बाईंना काही उद्योग नाही."

दर एक तारखेला बाई पट्टी घेऊन खांबापाशी. कधी वर्षभर काही हलायचं नाही. मग अचानक नवीन अक्षर. पुढे पुढे तर स्टुलावर चढून.

बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; तेव्हा पेन्सिल हातात धरायच्या नाहीत. एक तारीख शनिवारी आली की त्या नुसत्या बघत उभ्या राहायच्या. खूण करायचं काम माझं.

मुलगा इस्रायलला. फोनवर म्हणायचा, "आई, ये ना आता कायमची."

"येते रे. हा तडा तेवढा थांबू दे."

आम्हाला वाटायचं, चेष्टा करतायत.

मग माझा साखरपुडा ठरला. बाई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होत्या. मी बाबांना म्हटलं, "तो खांब फोटोत येईल हो. बालवाडीची भिंत वाटते, A, B, C लिहिलेली."

संध्याकाळपर्यंत पुट्टी, वर ऑफ-व्हाइट रंग. फोटो मस्त आले.

बाई घरी आल्या तेव्हा खांबावरून नुसता तळवा फिरवत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेवटचं अक्षर कुठलं होतं गं?"

"K, बाई."

"कुठे होतं?"

मी हात लावला. "इथे. नाही, जरा वर असेल."

"टोकाचा अंदाज नसतो करायचा," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी बाई गेल्या. माफी मागायची राहूनच गेली. लाज वाटत होती, म्हणून टाळत राहिले.

आज सकाळी सासरहून, करंजाड्याहून आईबाबांकडे आले. बाईंच्या बंद दारापाशी थांबले, आणि खांबाकडे लक्ष गेलं.

रंग फोडून तडा बाहेर आलाय. खालपासून वर, थेट बीममध्ये शिरलाय. माझं नख आत गेलं.

वर आई म्हणाली, "दोन दिवस झाले, किचनचं दार लागतच नाहीये."

"दमट हवा," बाबा म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्यांनी चष्मा लावला. मग म्हणाले, "पेन्सिल आहे का?"

ओळखीच्या इंजिनीअरला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. हॅलोसुद्धा नाही. "आत्ता आत कोण आहे?"

तेव्हापासून बाबा एकेक बेल वाजवतायत. ज्याला त्याला सांगतायत, "चूक माझी आहे, पण आधी खाली उतरा." काही उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "इतकी वर्सं काय नाय झालं, आता काय होतंय? आमी नाय जात."

मी आईला घेऊन गेटबाहेर फुटपाथवर बसलेय आणि हे टाइप करतेय. आमच्या बिल्डिंगमधलं कोणी ऑफिसमध्ये बसून हे वाचत असेल तर घरी फोन करा. आत्ता. मीटिंगची वाट बघू नका.

चार खिडक्यांत अजून कपडे वाळतायत.

बाई, आज शनिवार. खूण मी केली, स्टुलावर चढून. L. तारीखही घातली. अंदाज नाही केला.

माफ करा मला. नमस्कार, बाई.

बाबा अजून वर आहेत.