नानांच्या चार फण्या

आमचे नाना पेटी वाजवताना वरच्या गाण्याकडे फारसं लक्षच द्यायचे नाहीत. त्यांचा कान सगळा डाव्या हाताशी. देवपुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत ते गाणं शिकवायचे. मूळचे रावेरकडचे, केळीच्या मळ्यातले. नाटक कंपनीत पेटी वाजवत गावोगाव फिरले, कंपनी बुडाली तेव्हा धुळ्यात उतरले ते राहिलेच. त्यांची ती पायपेटी. भाता पायाने मारायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. उजव्या हाताने चाल वाजवायची आणि डाव्याने तीन-तीन सूर एकदम दाबायचे. त्या तीन सुरांना ते फणी म्हणायचे, केळीची असते तशी.

चार फण्या आल्या की निम्मी गाणी आली, असं म्हणायचे आणि करूनही दाखवायचे. डावा हात तोच, वर आधी आरती, मग पाळणा, मग नव्या सिनेमातलं गाणं. आम्ही विचारलं, मग सिनेमावाल्यांनी चोरलं का हो, नाना? तर म्हणाले, "चोरलं कायले? वावर एकच. कोणी कापूस लावतो, कोणी केळी."

पण हे सगळं दार लावून. सिनेमाचं गाणं शाळेत तोंडातून काढायची सोय नव्हती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, फार कडक. आणि घरी आमचे आबा, माझे वडील, त्यांच्याहून. मला पाचवीत घातलं तेच मुळी अटीवर. शाळेतून एक चिठ्ठी घरी आली की दप्तर खुंटीला.

तर स्नेहसंमेलनात घोटाळा मीच केला. स्वागतगीत नानांनी रचलेलं, चालही त्यांचीच. म्हणणारी मी. पहिलं कडवं नीट झालं. मध्ये नाना नुसत्या फण्या वाजवत होते आणि माझ्या डोक्यात त्याच फण्यांवरचं सिनेमातलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं ते त्याच गाण्याचे शब्द घेऊन. अख्खी ओळ म्हटली बाई मी. पाहुणे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी काही बोलायच्या आत नानांनी सांगून टाकलं की पोरीचा दोष नाही, ते गाणं मीच तिच्याकडून बसवून घेतलं होतं. बाईंनी तसं लिहून मागितलं. नानांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. माझ्या घरी चिठ्ठी गेली नाही. त्यांची नोकरी गेली.

जळगावच्या एका लग्नाच्या बँडमध्ये त्यांना काम मिळालं. निघाले त्या दिवशी मी मोटार स्टँडवर गेले आणि विचारलं, खोटं का सांगितलं?

"मले पेटी कुठंबी वाजवता येईन," म्हणाले. "तुले दुसरी शाळा कुठं भेटीन?"

मला त्यापुढे दोनच वर्षं मिळाली. सातवी झाले आणि लग्न झालं. पण तेवढ्यात वाचायची गोडी लागली होती, बाकीचं माझं मी शिकले. लिहायचा धीर आला तेव्हा पहिलं पत्र मोठ्या बाईंना लिहिलं, खरं काय ते सगळं. त्यांचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. "मला तेव्हाच कळलं होतं, पण त्यांनी सही केल्यावर माझा इलाज राहिला नाही."

ते कार्ड नानांना दाखवायचं म्हणून जळगावला गेले. बँडवाल्यांना विचारलं. कोणी म्हणालं भुसावळला गेले, कोणी म्हणालं बऱ्हाणपूरला. कार्ड माझ्याकडेच राहिलं.