थोरली, धाकटी आणि खंडेनवमी

बीदरच्या आमच्या सहकारी संस्थेत ते मोठं मशीन आलं, तेव्हा त्याला सर्व्हर म्हणतात हे फक्त मला माहीत होतं, आणि तेही नुकतंच. बाकीचे त्याला ‘थंड खोलीतलं’ म्हणत. त्याच्यासाठी संस्थेनं एसी बसवला होता. उन्हाळ्यात मशीनची चौकशी करायला इतके लोक यायचे की शेवटी चपला बाहेर काढायचा नियम करावा लागला. त्यानं गर्दी वाढली. देवळासारखं वाटत असावं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. बीएस्सी झालो आणि कमठाण्याहून रोज बसनं येऊन नोकरी शोधू लागलो. संस्थेचे मॅनेजर राजेश्वर गावचे. त्यांनी मला ठेवून घेतलं, संस्थेच्या खर्चानं हैदराबादला शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर ‘इंजिनेर’ म्हणायला सुरुवात केली. मी इंजिनिअर नव्हतो. पण त्यांनी हाक मारली की माझी मान आपोआप ताठ व्हायची. आजही त्यांची आठवण आली की आधी हात जोडावेसे वाटतात, मग हसू येतं.

मशीनवर आमचं बियाण्याचं काम चाले. कोणत्या गोदामात करडई किती, हरभरा किती, ते पडद्यावर दिसायचं. आणि मग गुलबर्ग्याच्या मुख्य कार्यालयातून फर्मान आलं: मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घाला, म्हणजे कन्नडमध्ये छपाई होईल.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मी मॅनेजरसाहेबांना असं सांगितलं होतं: मशीन सुरू झालं की आधी ती उठते आणि मग बाकी सगळ्यांना उठवून कामाला लावते, घरातल्या कर्त्या बाईसारखी. ते त्यांना पटलं होतं. अडचण अशी की आमचा बियाण्याचा प्रोग्राम जुन्या बाईचंच ऐकायचा. नवीच्या हाताखाली तो उठेचना. आणि दसऱ्याच्या सुमाराला रब्बीची पेरणी, म्हणजे बियाणं वाटपाची ऐन घाई.

गुलबर्ग्याच्या साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं. दसऱ्यापर्यंत नवी आवृत्ती चालली पाहिजे आणि जुनं कामही थांबता कामा नये. घोळ दिसला तर मशीन उचलून गुलबर्ग्याला नेणार. माझी जागा तात्पुरती आणि ती मशीनपुरती. मशीन गेलं की मी कमठाण्यात, इंजिनेर न राहता.

“मग दोन्ही कामून ठिवता येईनात?” मॅनेजरसाहेबांनी विचारलं. “टेपमंदी कसं, एक कॅसेट काढायची, दुसरी घालायची.”

मी हसलो. मशीन म्हणजे काय टेपरेकॉर्डर आहे का, असं म्हणायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कारण ते बरोबर होतं! आमच्या मशीनची डिस्क लोखंडी खोक्यात बसवलेली होती, विटेपेक्षा थोडी मोठी. किल्ली फिरवली की खणासारखी बाहेर यायची. आणि बिघाड झाला तर असावी म्हणून तशीच दुसरी कोरी डिस्क कपाटात पडून होती. जुनी आवृत्ती एका डिस्कवर, नवी दुसऱ्या. मशीन बंद करायचं, खण बदलायचा, चालू करायचं. मशीनला बिचाऱ्याला कळणारसुद्धा नाही की घरात दुसरी कोणी नांदते.

कोऱ्या डिस्कवर नवी आवृत्ती चढली आणि पडद्यावर कन्नड अक्षरं उमटली, तेव्हा मी खुर्चीवरून उडीच मारली. मॅनेजरसाहेब पोरासारखे टाळ्या पिटत होते. टायपिस्ट अक्का, आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या, दारातून म्हणाल्या, “एका घरात दोन बाया ठिवायलास इंजिनेर. भांडत्यात बघ.”

“भांडायला एका वेळी घरात पायजेत ना अक्का,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “पाळीपाळीनं येतात.”

त्या दिवसापासून जुनी डिस्क थोरली आणि नवी धाकटी. खोकी हुबेहूब सारखी, म्हणून मी त्यांवर तशा चिठ्ठ्या चिकटवल्या.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, शिलाई मशीन, एसटी, सगळ्यांची पूजा होते आणि दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत हत्यार हलवत नाहीत. पूजेचं काम अक्कांचं. मी बसमधून उतरून पोचलो तर मशीन बंद, दोन्ही डिस्क पाटावर, हळदीकुंकवानं माखलेल्या, वर झेंडूची फुलं. मशीनच्या मागच्या पंख्याच्या जाळीलाही मूठभर कुंकू.

“अक्का, धुतलं न्हाई ना?” मी पाटाशी वाकून विचारलं.

“येडी हाय का मी? ओल्या फडक्यानं नुसतं पुसलं. मळक्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून टाकल्या. देवाला असलं ठिवत्यात व्हय?”

चिठ्ठ्या! पाटावर दोन सारख्या विटा आणि थोरली कोणती, धाकटी कोणती, ते त्या दोघींनाच ठाऊक. मशीनमध्ये घालून बघितलं असतं तर कळलं असतं, पण हलवायचं नाही. आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. गुलबर्ग्याचे साहेब सणाला घरी जाता जाता तपासणीला आले होते.

अक्का पाटासमोर उभ्या राहिल्या. “आज न्हाई साहेब. पूजा झालीया.”

साहेब कन्नड बोलणारे, आमच्याशी दखनी हिंदीत बोलत. मला वाटलं आता चिडणार. त्यांनी पाट बघितला, बूट काढले, दोन्ही विटांना नमस्कार केला. “कल देखतूं,” म्हणाले आणि गेले.

दसऱ्याला दुपारी शिलंगण आटोपतंय तोच ते पांढराशुभ्र शर्ट घालून आले. सोनं म्हणून आम्ही आपट्याची पानं दिली, त्यांनी बन्नीची, म्हणजे शमीची. मग म्हणाले, “हां, नया दिखाओ.”

मी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी घेतली. वजनही सारखंच.

“कामून थांबलास?” मॅनेजरसाहेब कानाशी कुजबुजले.

“कोणती धाकटी ते कळंना.”

ते एकदम खाली बसले, खुर्ची होती म्हणून बरं.

मी मनात हो-नाही करत एक खण सरकवला, किल्ली फिरवली. साहेब तारा बघायला मशीनच्या मागे गेले होते. बटण दाबलं, पंखा घरघरला आणि अक्कांचं मूठभर कुंकू सरळ साहेबांच्या शर्टावर! मिशासुद्धा लाल. कोणी हसेना. हसू दाबताना मॅनेजरसाहेबांचे खांदे हलत होते. तेवढ्यात पडद्यावर आमची ओळखीची बियाण्याची यादी आली.

साहेब मिशा पुसत पुढे आले. “ये तो पुराना है.”

माझ्या डोळ्यांसमोरून कमठाण्याची बस गेली, तिच्यात मी बसलेला. आणि अक्का शांतपणे म्हणाल्या, “सणाचा दिवस हाय साहेब. आधी थोरलीला मान.”

 साहेब खुर्ची ओढून म्हणाले, हरभरा दाखवा. दाखवला. करडई दाखवा. दाखवली. “और नया?”

मी मशीन बंद केलं, खण ओढला, दुसरा सरकवला. त्यांनी स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली. या वेळी ते पंख्याच्या मागे गेले नाहीत. पडद्यावर कन्नड अक्षरं उगवली, छपाईयंत्र किरकिरलं आणि कागदावर ‘बीदर’ असं कन्नडात उमटून आलं. मला आठवतं, त्यांनी कागद फाडून घेतला आणि प्रसाद ठेवतात तसा घडी करून खिशात ठेवला. चुकीची डिस्क आधी लागली नसती, तर जुनं काम थांबलं नाही हे त्यांना मी कसं पटवलं असतं, देव जाणे.

“हिलाओ नक्को,” ते म्हणाले. “मशीन यहींच रहने दो. दोनों को चलाओ.” मग शर्टाकडे बघून, “पर पूजा जरा कम.”

ते गेल्यावर आम्ही इतके हसलो की मॅनेजरसाहेबांना ठसका लागला आणि अक्कांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मी नव्या चिठ्ठ्या करायला बसलो, तर अक्कांनी थांबवलं. थोरलीवर हळदीचं बोट ओढलं, धाकटीवर कुंकवाचं. मी तिथं होतो तोवर दर खंडेनवमीला ती बोटं ताजी होत राहिली आणि डिस्क कधी चुकली नाही.

संध्याकाळी कमठाण्याला उतरलो आणि घरी सोनं द्यायला वाकलो. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, पाठीवर हात ठेवून आधी तेच विचारलं, “मशीन ऱ्हायलं?”

“ऱ्हायलं.”

“आन् बाया?”

“दोघी नांदायल्यात,” मी म्हणालो, आणि आई पदरात तोंड घालून हसायला लागली.