आबांच्या खिशातले वाळलेले दाणे

आबांच्या दाढा गेल्या त्या वर्षी आमच्या घरातली साखर बंद झाली. चहा गुळाचा, तोही एकवेळ. आम्ही शिरूर अनंतपाळकडचे, शेत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर माल पारखायचे. सोयाबीनचा दाणा दाढेखाली धरून चावायचा. कट्ट वाजून फुटला की वाळलेला, चपटला की ओला. दाण्यातल्या ओलाव्याला मोंढ्यात हवा म्हणतात. किती हवा आहे हे आबा चावूनच सांगायचे आणि शेतकरी मानायचे. दाढा गेल्या तसं आडत्यानं त्यांना पोती उचलायला लावलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठ ती. दिवाळीपर्यंत आबा वाकूनच चालायला लागले.

मी तेव्हा नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी हवा मोजायचं यंत्र घेतलं. दोन पत्र्यांमध्ये दाणे ओतायचे. ओलावा जास्त तर त्यांच्यात वीज जास्त साठते, ती मोजून आकडा दाखवायचा. पहिला आकडा उमटला तेव्हा मी लॅबमध्ये चक्क स्टुलावर चढले.

यंत्र आडत्याला दाखवलं. तो म्हणाला, "आठ दिवस चालव. तेलमिलच्या लॅबशी आकडा जुळला तर तुझ्या बापाला यंत्रावर बसवतो. न्हाई जुळला तर पोती हायतच."

सकाळी जुळला. दुपारी पत्र्याच्या शेडखाली यंत्र त्याच मालाला दोन टक्के हवा जास्त दाखवू लागलं. हवा जास्त की भाव कमी, शेतकरी चिडले. आडत्या हसला, "बाई, तुझ्या डब्याला ऊन लागलं की ताप येऊन राहिला."

चौथ्या दिवशीही तेच. मी यंत्र पिशवीत भरत होते. आबा पोतं टेकवून जवळ आले.

"माय, मी काय नुसता चावत होतो व्हय?"

"मग?"

"खिशात पुडी असायची. गेल्या सालचे खडखडीत वाळलेले दाणे. आधी त्यातला एक चावायचा, मग ढिगातला. चहा पिला की दात येगळे, तंबाखू खाल्ली की आणखी येगळे. सवताच्या दातावर कोण इमान ठेवतं?"

यंत्र एकदा नीट लावून दिलं की झालं, असं मी धरून चालले होते. आबा मात्र दर चाव्याआधी स्वतःला तपासून घेत होते. नांदेडच्या गाडीत बसल्या बसल्या मी वहीच्या पुठ्ठ्यावर नवी जोडणी काढली. आत आणखी एक छोटी कुपी, तिच्यात वाळलेले दाणे. यंत्र आधी कुपी मोजणार, उन्हानं आपण किती बहकलो ते ओळखणार आणि तेवढं वजा करून मगच माल मोजणार.

पाचव्या दिवशी लॅबमध्ये ती कुपी बसवली, तरी सहाव्या दिवशी मोंढ्यात आकडा पुन्हा सरकला. आबांनी कुपीचं झाकण हलवून पाहिलं.

"हे ढिलं हाय. तुझे दाणेच हवा पिऊन राहिले. माझी पुडी मेणकापडात असायची."

इंजिनियर बाईंनी झाकण नुसतं दाबून बसवलं होतं. त्याच दुपारी काचेची कुपी आणून तोंड लाखेनं पक्कं बंद केलं.

सातव्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडे लॅबशी जुळले. आठव्या दिवशीही. आडत्यानं लॅबचे कागद दोनदा वाचले, मग हमालांना म्हणाला, "ह्यांच्यासाठी खुर्ची आणा रे."

आज त्या मोंढ्यात अकरा दुकानांवर माझं यंत्र चालतं. पहिलं आबा चालवतात. त्या दिवसापासून त्यांनी एकही पोतं उचललेलं नाही.