आधार कार्ड आणि दोन फोटो

मागील महिन्यात एका अनोळखी क्रमांकावरून माझ्या भ्रमणध्वनीवर पुढील निरोप आला : "बापूमामा अक्का बोलावून राहिली आधार कारड न दोन फोटो आना संजूभाऊले सांगू नका". विरामचिन्ह एकही नव्हते. पाठविणाऱ्याचे नावही नव्हते. मी त्या क्रमांकावर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वाजून बंद झाला.

अक्का ही माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, मुक्काम अकोल्याचे जुने शहर, मुलगा संजू याच्या घरी. तिच्याजवळ स्वतःचा फोन नाही आणि संजूला सांगायचे नाही, म्हणजे खातरजमा करण्याचे दोन्ही मार्ग निरोप धाडणाऱ्याने आधीच बंद केले होते. मी चौतीस वर्षे धारणीच्या तहसील कार्यालयाच्या ओसरीत बसून लोकांचे दस्त लिहिले. आधार कार्ड आणि फोटो मागितले जातात, तेव्हा पाठोपाठ सही मागितली जाते, हे मला कोणी सांगायला नको.

माझ्या संशयाला जुने कारणही होते. बेचाळीस वर्षांपूर्वी वडील वारले. दर्यापूरजवळची सहा एकर काळी जमीन माझ्या एकट्याच्या नावे व्हावी म्हणून मी अक्काकडून हक्कसोडपत्र करून घेतले. म्हणजे बहिणीने आपला वाटा भावासाठी सोडून दिल्याचा कागद. मजकूर माझा, हस्ताक्षर माझे. शेवटचे वाक्य असे होते : 'सदर दस्त मला वाचून दाखविला असून तो मला समजला व मान्य आहे.' वाक्य निर्दोष होते. पण मी दस्त वाचून दाखविला नव्हता. अक्काने "कुठं करू?" एवढेच विचारले, मी जागेवर बोट ठेवले आणि तिने सही केली. असा दस्त कोठे उसवतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ही गोष्ट मी माझ्या मुलालाही कधी सांगितली नव्हती.

तेव्हा जावे की न जावे, यावर चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी सकाळी धारणीच्या स्थानकावर अमरावतीच्या गाडीत बसलो.

ज्यांना हा प्रवास करावयाचा आहे त्यांच्यासाठी सूचना. पहिली गाडी धरावी, पुढची जागा धरावी आणि पोट हलके ठेवावे. हरिसालपासून घटांगपर्यंत रस्ता जंगलातून वळणे घेत जातो आणि मागच्या बाकावरचे प्रवासी खिडकीबाहेर पाहतात ते निसर्ग पाहण्यासाठी नव्हे. परतवाड्यास पोहोचेपर्यंत हाडे मोजून होतात. तेथून अमरावतीपर्यंत सपाट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यास एस. टी. चे भाडे पडत नाही, मात्र वाहक आधार कार्ड पाहतो.

"माझे वय माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही का?" मी विचारले.

"मले दिसते ना, आजोबा. या मशीनले नाही दिसत."

सेमाडोहला गाडी थांबते. तेथे द्रोणातून रबडी मिळते. मी विक्रेत्यास दूध कशाचे, असे विचारले.

"म्हशीचं. मंग काय वाघाचं?" तो म्हणाला. सर्व गाडी हसली. रबडी चांगली होती; तरी इतके घट्ट दूध निव्वळ आटवून होते, यावर माझा विश्वास नाही.

अमरावतीस मुलगा प्रकाश घ्यायला आला होता. माझी ही अनुदिनी तोच संगणकावर चढवितो. त्याच्यासोबत राजकमल चौकाजवळ फोटो काढविले. "काका, जरासं हसा," असे छायाचित्रकार म्हणाला. कशासाठी, असे मी विचारल्यावर त्याने न हसताच काढला. दोनच प्रती मिळत नाहीत, आठ घ्याव्या लागतात. दोन पाकिटात ठेवल्या, सहा प्रकाशच्या कपाटात ठेवून दिल्या. मागितले आहेत त्यापेक्षा अधिक जवळ बाळगणे धोक्याचे.

संध्याकाळी प्रकाशने गिलावडा आणला. अमरावतीस येऊन तो न खाता जाऊ नये. मिरची मात्र जपून.

"बाबा, आत्यानं एकदम कसं काय बोलावलं?"

"भेटावेसे वाटले असेल."

"आन् फोटो?"

"संग्रही असावेत."

"जा, पन सही-बिही कशावर करू नका. आजकाल लोक म्हाताऱ्या मानसाकून काय वाट्टेल ते लिहून घेतात."

मी वडा चावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूर मार्गे अकोला. रस्ता रुंद झाला आहे. पूर्वीची धूळ आणि अर्धा वेळ वाचतो. दोन्ही बाजूंस कपाशी फुटलेली, मध्ये तुरीच्या फुलोऱ्याच्या पिवळ्या ओळी. दर्यापूरचा फाटा आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहत होतो. शेजारच्या गृहस्थाने सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. मी नको म्हणालो. "घ्या ना, काका, इख नाही घातलं," तो म्हणाला. घेतल्या. बी पुष्कळ होते.

अकोल्याच्या स्थानकाबाहेर ऑटोवाला दीडशे म्हणाला आणि ऐंशीवर आला. जो सत्तर रुपये इतक्या सहज सोडतो, त्याने ऐंशीतही काही तरी राखलेलेच असते.

घरी संजू नव्हता. तो दुकानावर गेला होता. अक्काच्या खाटेशेजारी टोपली घेऊन एक बाई बसली होती. ती कमल. शहराबाहेरच्या आपल्या मळ्यातली भाजी ती दारोदार विकते. निरोप तिच्याच फोनवरून आला होता.

"मी तीनदा फोन केला," मी म्हणालो.

"वांगे मोजून राहिली होती, मामा."

भाजीविक्रेतीचा आमच्या कागदपत्रांशी संबंध काय, हा प्रश्न मनात पक्का होत असतानाच अक्काने हात पुढे केला. "आला का, बापू? वाळला रे. फोटो आनले?"

पाण्याच्या आधी फोटो! मी खिशावर हात ठेवला.

तिने गादीखालून एक प्लास्टिकची पिशवी काढून एक छापील कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. पहिल्या वाचनात जमीन शोधली. दुसऱ्या वाचनात सर्वेक्रमांक शोधला. तिसऱ्या वाचनात मथळ्याचा अर्थ लागला. तो देहदानाचा अर्ज होता. मृत्यूनंतर देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा, अशी इच्छा. खाली घरच्या एका नातेवाइकाची सही आणि फोटो.

"संजू करत नाही म्हन्ते," अक्का म्हणाली. "लोकं म्हनतील, पोरानं मायले आगीन नाही देल्ली. साक्षीदार कमल हाये. घरचं मानूस पायजे, म्हनून तुले बोलावलं."

"पण हे कशासाठी, अक्का?"

"डॉक्टर पोरं शिकतात म्हने त्याच्यावर. बापानं मले चवथीतून काढलं, तुही फी भराची होती म्हनून. आता मेल्यावर तरी कॉलेजात जाऊ दे."

कमल पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "करून टाका, मामा, संजूभाऊ घरी याच्या आंधी."

घाईने होणाऱ्या सहीचे पुढे काय होते, ते मी आयुष्यभर पाहिले आहे. मी पेन मिटले. संजू येईपर्यंत सही होणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

"नको करू," अक्का म्हणाली. "तवरक वाचून तं दाखव. डोयानं दिसत नाही आता. मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. अर्जात चार चुका होत्या, त्या वाचतानाच दुरुस्त करीत गेलो. शेवटच्या ओळीवर आलो : 'वरील मजकूर मला वाचून दाखविण्यात आला असून...' तेथे माझा आवाज थांबला.

"थांबला काहून?"

"अक्का, त्या वेळी मी दस्त तुला..."

"तवा तू नाही वाचलं. मी वाचलं." ती खाटेच्या दोरीशी चाळा करीत होती. "तू शाईचा डबा शोधून राहिला होता ना, तवा. चवथी शिकली होती मी, बापू. हळू वाचता येत होतं. अक्षर लय सुंदर होतं तुहं."

"मग सही का केलीस?"

"तू तोंडानं मांगतली असती, तं बी देल्ली असती. तू नुसतं बोट ठेवलं."

कमलने टोपली उचलली आणि ती दारात जाऊन वांग्यांची देठे तोडत बसली. ज्या माणसाने हजारो दस्त लिहिले, त्याला एक वाक्य सुचले नाही, हे येथे नमूद करतो. अक्काने स्वतःच विषय बदलला. "डायीचे फुनके न कढी केली हाये सुनेनं. जेव आंधी."

संजू तिन्हीसांजेला आला. त्यालाही मी तो अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखविला. त्याने मान वर केली नाही.

"मामा, तुमी बी? लोकं मले काय म्हनतील?"

"ते तू आईकजो. मी कुठं आईकाले असन?" अक्का म्हणाली.

तो अंगणात निघून गेला. मग मी सही केली आणि एक फोटो चिकटविला. दुसरा हातातच राहिला.

"हा दुसरा कशासाठी मागविला होता?"

"तुह्या फारमले." अक्काने पिशवीतून दुसरा, कोरा अर्ज काढला. "तुह्यासारखं शिकेल मानूस जास्त कामात येईन ना त्याईच्या."

मला वाटते, हा सर्व घाट मुळापासून त्या दुसऱ्या फोटोसाठीच घातला होता. याबाबतचा माझा संशय अजून गेलेला नाही.

सकाळी संजूने मला दुचाकीवरून स्थानकावर सोडले. गाडी लागल्यावर म्हणाला, "मामा, त्या कागदात ते होतं ना, आयत्या वेळी घरचे नाही म्हनले तं नेत नाहीत?"

"होते."

"मायनं आईकलं ते?"

"तिने सर्व ऐकले आहे."

त्याने मान हलविली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि गाडी सुटेपर्यंत तेथेच उभा राहिला. तो काय करील, हे मी सांगू शकत नाही.

परतीस अमरावती टाळली. अकोट, अंजनगाव, परतवाडा मार्गे आलो. दोनदा गाडी बदलावी लागते आणि परतवाड्याला पुष्कळ वेळ जातो, म्हणून सोबत भाकरी ठेवावी. प्रकाशचा फोन वाटेत दोनदा आला. मी तो उचलला नाही.

आता टेबलावर माझा कोरा अर्ज पडला आहे. त्यातील चार चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. पुढे लेखणी सरकलेली नाही, कारण माझ्याही अर्जावर घरच्या माणसाची सही लागते, आणि ते माणूस प्रकाश आहे. ट्रंकेतून जुन्या हक्कसोडपत्राची प्रतही काढून ठेवली आहे. अक्षर खरोखर सुंदर आहे.

येत्या रविवारी प्रकाशला धारणीस बोलाविले आहे. कारण विचारले तेव्हा, समोर आल्यावर सांगेन, एवढेच म्हणालो. आधी हक्कसोडपत्र, मग अर्ज आणि शेवटी हे टिपण, असे तिन्ही कागद मी त्याला मोठ्याने वाचून दाखविणार आहे. एकाही ठिकाणी बोट ठेवणार नाही. टिपण त्याच्याच हातून प्रसिद्ध होते. तेव्हा आपण हे वाचत असाल, तर त्याने ते ऐकून घेतले आहे, एवढे समजावे.