एलोरीचा काटा

आयडाहोच्या डोंगरात गानिशकाकांइतका हट्टी धनगर दुसरा झाला नाही. आमच्या पिरेनीज पर्वतातलं घर सुटलं, लग्न राहून गेलं, सगळा जन्म मेंढरांमागे गेला. आता डोळेही चालले होते. मालकाला कळलं असतं, तर त्यानं काकांना गावातल्या खानावळीच्या ओसरीवर नेऊन बसवलं असतं. तिथं बसवलेले आमचे म्हातारे फार दिवस काढत नाहीत. काकांना त्याचीच धास्ती होती.

मी खेचरावरून त्यांना पीठ आणि वाईन पोचवायचो, म्हणून मला ठाऊक.

"काका, ओढ्याकाठची झुडपं आता ओळखता तरी कशी?"

"हातानं. तुझ्यासारखे डोळे फाडून नाही! टोचलं तर एलोरी, मेंढरं खुशाल बसवावी. नाही टोचलं तर रानचेरी. कुत्रीला शिट्टी मारायची, पुढं निघायचं."

एलोरी म्हणजे आमच्या बोलीत हॉथॉर्न, जाड सरळ काट्यांचं झुडूप. दोन्ही झुडपं पाण्याकाठी शेजारी शेजारी वाढतात, दोन्हींना काळी फळं. पण रानचेरीचा पाला विषारी, आणि तिला काटा नसतो. म्हाताऱ्याची युक्ती काही चुकीची नव्हती.

त्या जूनमध्ये कळप कोरडा डोंगर उतरून आला, उपाशी आणि तहानलेला. काकांनी झुडपात हात घातला. टोचलं. त्यांनी मेंढरं तिथंच बसवली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर झुडपापासून पाण्यापर्यंत मेंढ्या मरून पडलेल्या, पोटं फुगलेली. कोकरं गार पडलेल्या आचळांना ढुसण्या देत होती.

"वरच्या अंगाला पाणी नासलंय," काका म्हणाले. "झुडूप एलोरीचंच. हे बघ, काटा अजून बोटात आहे."

झुडूप रानचेरीचं होतं. त्यात रानगुलाब शिरला होता. आंधळ्या हट्टाचा मला संताप आला, आणि रडूही आलं. मी चाकूच्या टोकानं काटा काढला. बारीक होता, वाकडा.

"जाड आहे ना? सरळ?"

हो म्हणणं सोपं होतं. पण निम्मा कळप अजून जिवंत होता आणि पुढच्या ओढ्यावर काकांनी पुन्हा तसाच हात घातला असता.

"गुलाबाचा आहे, काका."

त्यांनी बोट चोखलं, थुंकले.

"मग माझं सामान खेचरावर भर," ते म्हणाले. "कुत्रीला इथं कळपापाशीच राहू दे. तिला दिसतं."